दुसरी पंगत

"…पण कुलूप कुठे फुटलं, बाबा? एवढंच सांगा. माझं कुलूप कुणी फोडलं का?"

बाबा ओसरीवर बसून तुरीची डाळ निवडत होते. सुपातला एक खडा त्यांनी उचलला, उन्हात धरून पाहिला आणि बाजूला टाकला.

"नाही फुटलं," ते म्हणाले.

"मग दोष माझा कसा?"

"…"

निनाद चौबळ आल्यापासून हेच विचारत होता. मी चुलीपाशी आमटी ढवळत होतो आणि माझं डोकं आमटीपेक्षा जास्त तापलं होतं. आधीच सांगून टाकतो, मी या मठातला वाढपी. मला शांतपणे काही सांगता येत नाही. थंड डोक्याचा माणूस हवा असेल तर बाबांकडे जावं, पण ते सांगणार नाहीत.

हा निनाद कॉलेजात असल्यापासून आमच्या टेकडीवर यायचा. बाबांना गुरू मानायचा, म्हणजे तसं म्हणायचा तरी. पुढे शहरात जाऊन त्यानं 'ओंजळ' काढलं. ओंजळ म्हणजे फोनवरून फोनवर फाइली देण्याघेण्याची सोय. मध्ये कुठली कंपनी नाही, साठवण नाही. तुमच्याकडचं गाणं, सिनेमा, मुलांचे धडे, जे असेल ते थेट लोकांकडून लोकांकडे.

त्यात त्याची खरी करामत अशी, की फाइल सरळ जायची नाही. तीन अनोळखी फोनांच्या हातांतून जायची, बंद पुडक्यात. मधल्यांना आत काय आहे ते कळायचं नाही. घेणाऱ्याला कुणी धाडलं ते कळायचं नाही. चांगलं होतं. मीही त्यावर भजनं ऐकायचो.

पण हळू होतं. एक सिनेमा उतरायला अख्खी रात्र जायची. लोक शिव्या घालू लागले, मग सोडून जाऊ लागले. तेव्हा यानं डोकं चालवलं आणि दोन वाटा केल्या. एक 'सुसाट'. मध्ये कुणी नाही, फाइल थेट या फोनमधून त्या फोनमध्ये. दुसरी 'सावकाश', तीच जुनी तीन हातांची, ज्याला नाव लपवायचं असेल त्याच्यासाठी. ज्याला जी हवी ती त्यानं घ्यावी.

पेपरात फोटो आला होता याचा. वेग आणि गुप्तता यांचा समतोल साधणारा तरुण, म्हणे!

आमच्या खालच्या खैरगावात झाडून सगळ्यांनी सुसाट वाट धरली. सिनेमेच बघायचे, त्यात लपवायचं काय? एकाच बाईनं सावकाश वाट घेतली. शेवंता ढवळे, अंगणवाडीतली मदतनीस. गावच्या नाल्यात रसायनाचे टँकर रिकामे होत होते आणि तिच्या अंगणवाडीतली पोरं उलट्या करत होती. तिनं त्या टँकरांचं चित्रण केलं आणि ओंजळीतून सोडलं.

चित्रण सगळीकडे पोचलं. कुलूप काही फुटलं नाही, तेवढं खरं आहे. फोडायची गरजच पडली नाही. कोणता फोन कोणत्या वाटेवर आहे हे ओंजळीत ज्याला त्याला दिसायचं. टँकरवाल्याच्या माणसांनी खैरगाव बघितलं. सावकाश वाटेवर एकच फोन होता.

मग तिच्या घराची कौलं फुटली. नवऱ्याचा हात मोडला. ती मागच्या दारानं निघाली, टेकडी चढून आमच्याकडे आली. दोन दिवसांनी जिल्ह्याच्या कोर्टात तिची साक्ष होती. तोवर ती त्या माणसांच्या हाती लागू नये, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

आणि हा शहाणा आला होता कशासाठी? तिनं कॅमेऱ्यासमोर म्हणावं, की ओंजळीनं मला दगा दिला नाही. लोकांचा विश्वास उडाला होता ना!

"पाच मिनिटं बोलू द्या तिच्याशी," निनाद म्हणाला. "ती इथंच आहे, तिच्या वकिलांनी सांगितलं मला. मी तिला कधी बघितलेलं नाही. कोणती ते तेवढं दाखवा."

बाबांनी सूप हलवलं.

"खैरगावात सावकाश किती होते?" त्यांनी विचारलं.

"एक."

"…"

"पण बाबा, ती तिची निवड होती! मी काही जबरदस्ती केली नव्हती. सगळ्यांना हळू चालवलं असतं तर लोक निघून गेले असते. जातच होते. मग रिकाम्या ओंजळीत मी कुणाला लपवणार होतो?"

"हे मात्र खरं," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आता पुढे काही बोलतील. ते सूप घेऊन उठले.

"जेवणाची वेळ झाली. पंगतीला बस."

"मी जेवून आलोय."

"बस."

इथं आमच्या पंगतीचं सांगायला हवं. कधीकाळी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा चांगल्या घरची माणसं भिकेची भाकरी घ्यायला लाजून घरातच मरत होती. तेव्हाच्या महाराजांनी नेम घातला. दुपारी जो कुणी टेकडीवर असेल, उपाशी असो की ढेकर देत आलेला असो, त्यानं मागच्या खोलीत जायचं, डोक्यावरून घोंगडी घ्यायची आणि बाहेर येऊन रांगेत बसायचं. गावच्या पाटलानंसुद्धा. वाढणाऱ्यानं मान वर करायची नाही, बोलायचं नाही. सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. बाबासुद्धा त्याच रांगेत कुठंतरी असतात. कुठं, ते मलाही कळत नाही. याला आम्ही झाकली पंगत म्हणतो.

वेळ लागतो, कबूल आहे. ज्याला दात नाहीत तो जेवून होईपर्यंत बाकीच्यांनी बसून राहायचं.

त्या दिवशी पंगत मोठी होती. लग्नाहून परतणारं एक वऱ्हाड दर्शनाला थांबलं होतं. शेवंताबाई त्यांच्याबरोबरच मागच्या खोलीत गेली आणि घोंगडी घेऊन बाहेर येऊन बसली. कोणती ते मी शोधलं नाही. मला शोधायचंही नव्हतं.

आणखी एक माणूस होता. निनादच्या गाडीपाठोपाठ तो पायऱ्या चढून आला होता, हातात नारळ घेऊन. तो पंगतीला बसला नाही, देवासमोरही गेला नाही. नारळ हातात तसाच. पायरीच्या कडेला उभा राहून तो रांगेकडे बघत होता. घोंगड्यांच्या रांगेत त्याला काय दिसणार? मी मनात म्हटलं, बघ लेका, डोळे फुटेस्तोवर बघ.

मी वाढायला सुरुवात केली. मान खाली, तोंड बंद.

निनाद काही बसला नाही.

"मला लपवण्यासारखं काही नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "आणि भूकही नाही. मी कशाला घोंगडीत घामेजून बसू?"

पंगतीत बोलत नाहीत.

तो रांगेसमोर येरझाऱ्या घालू लागला. हुशार माणसाला रांग दिसली की ती सुधारल्याशिवाय चैन पडत नाही.

"हे बघा," तो म्हणाला, "रागावू नका, पण यात सगळ्यांचाच वेळ जातोय. ज्यांना खरंच संकोच वाटतो त्यांनी झाकून बसावं, काही हरकत नाही. बाकीच्यांनी या बाजूला या. दुसरी पंगत करू. मी भराभर वाढतो. ज्याला जी हवी ती त्यानं घ्यावी."

ओरडावंसं वाटलं, अरे गाढवा, हेच करून बसलास ना तिकडे! पण नेम म्हणजे नेम. मी एका द्रोणात आमटी ओतली, निम्मी बाहेर सांडली.

रांगेतली एक जाडजूड घोंगडी हलली. आतून वऱ्हाडातला एक गृहस्थ निघाला, कपाळाचा घाम पुसत.

"बराबर बोलतंय पोरगं," तो म्हणाला. "आमची यष्टी चुकंल अशानं."

तो उठला. त्याच्यामागून त्याचा मुलगा उठला. मग दोन बायका, हसत हसत, एकमेकींचे विस्कटलेले केस नीट करत. एकानं काढली की दुसऱ्याला आपली जड वाटायला लागते. बघता बघता अंगणाच्या त्या बाजूला दुसरी पंगत भरली. निनाद बादली घेऊन पळत पळत वाढत होता. चेहरा असा खुलला होता, की जणू पुन्हा कुणीतरी पेपरात फोटो छापणार आहे.

इकडे रांगेत शेवटी दोन घोंगड्या उरल्या.

डोळ्याच्या कोपऱ्यातून किती बघणार? मी सरळ मान वर केली. नेम मोडला तर मोडला.

त्या दोनांतली एक हलली. आतल्या माणसानं डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मोकळं अंगण, रिकाम्या पत्रावळी. थोडा वेळ ती घोंगडी तशीच होती… मग खाली सरली. शेवंताबाई उठली, पदर कपाळावर ओढला, खाली मान घालून दुसऱ्या पंगतीत गेली आणि वऱ्हाडातल्या बायकांमध्ये दाटीनं बसली.

खैरगावात ती एकटी झाकलेली होती म्हणून सापडली होती. तीच चूक ती पुन्हा कशी करणार? आता उघडी झाली. तिच्यासमोर तिसरं काही कुणी ठेवलंच नव्हतं.

नारळवाल्याची नजर दुसऱ्या पंगतीवरून फिरत गेली आणि एका जागी थांबली. त्यानं नारळ पायरीवर ठेवला. खिशातून फोन काढून कानाला लावला आणि न धावता, आरामात, पायऱ्या उतरायला लागला.

निनादला यातलं काहीच दिसलं नाही. तो त्या शेवटच्या घोंगडीकडे बघत होता. बादली खाली ठेवून तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि आवाज अगदी मऊ करून म्हणाला,

"शेवंताताई… तुम्हीच ना? घाबरू नका. मी निनाद, ओंजळवाला. तुमचं कुलूप फुटलं नव्हतं, ताई. एवढंच तुम्ही एकदा सांगायचंय."

घोंगडी खाली आली.

आत बाबा होते.

मी या मठात केस पिकवले. बाबांना मी रडताना पाहिलंय, तापानं फणफणलेलं पाहिलंय. पण असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा जबडा आवळलेला होता आणि ते निनादकडे बघत होते. तो मागे सरकला.

"ती तुझ्या पंगतीला बसलीय," बाबा म्हणाले.

"कोणती?"

"…"

निनादनं मागं वळून पाहिलं. तिथं वीस-पंचवीस तोंडं होती, सगळी उघडी, सगळी जेवत. त्याला काय कळणार?

मी पळी फेकून दिली. खणकन आवाज झाला तेव्हा सगळे वळले.

"अरे, त्यानं बघितलं तिला!" मी ओरडलो. "तुझ्या गाडीच्या मागून आला तो, नारळ घेऊन! टँकरवाल्याचा माणूस! गेला बघ खाली सांगायला!"

निनाद कठड्याशी धावला. पायथ्याशी त्याच्या गाडीमागे एक जीप उभी होती. नारळवाला अजून अर्ध्या पायऱ्यांवर होता, फोनवर बोलत. जीपमधून दोघंजण खाली उतरले.

निनादचा रंग उडाला. पण हुशारी कुठे लगेच जाते?

"माझी गाडी आहे," तो धापा टाकत म्हणाला. "जीपपेक्षा वेगवान आहे. आत्ता निघालो तर तासाच्या आत तिला शहरात वकिलांकडे पोचवतो. बाबा, तिला सांगा माझ्याबरोबर यायला. चटकन!"

"गाड्या किती?" बाबांनी विचारलं.

"एक."

"…"

तो शब्द त्याचा त्यालाच ऐकू आला असावा. त्यानं गाडीची किल्ली मुठीत धरली होती. मूठ सैल झाली, किल्ली फरशीवर पडली. तो कठड्याला टेकून बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला त्याची कीव आली नाही. येईल कधीतरी, पण तेव्हा नाही आली.

"उठ," बाबा म्हणाले. "तू उठवलंस, तूच बसव."

निनाद उठला. दुसऱ्या पंगतीसमोर जाऊन उभा राहिला. मघाशी तिथंच उभा राहून किती छान बोलत होता!

"ऐका," तो म्हणाला. "तुमच्यात एक बाई आहे. कोण ते मलाही माहीत नाही. खाली काही माणसं तिला न्यायला आलीत. ती एकटी उतरली तर नेतील. माझ्या गाडीतून उतरली तरी नेतील. आपण सगळे घोंगड्या घेऊन एकदम उतरलो तर… तर त्यांना कळणार नाही, कुणाला धरायचं. खाली तीन वाटा आहेत. थोडे फाट्याला जाऊ, थोडे नदीकडे, थोडे गावात. कुणी सांगायचं नाही, ती कुठल्या वाटेनं गेली."

मग तो यष्टीवाला गृहस्थ म्हणाला,

"आमचा काय संबंध ह्याच्याशी? आमाला काय लपवायचंय?"

मघाशी निनादनं हेच वाक्य म्हटलं होतं. आता ते त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं. त्यानं नुसते हात जोडले.

"चुलीत गेली तुझी यष्टी!" मी म्हणालो. "फुकटची भाकरी खाताना संबंध होता वाटतं?"

गृहस्थ मुलाला घेऊन तरातरा निघून गेला. जाऊ दे. असलीही माणसं देवानं केलीत, का केली ते त्यालाच विचारायला हवं.

त्यांच्यापाठोपाठ आणखी कुणी जातंय का, म्हणून निनाद एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. वऱ्हाडातली एक म्हातारी काठी टेकत उठली. तिनं आमटीचा हात पातळाला पुसला.

"माझ्या बोडक्यावर एवढी घोंगडी टाका रे कुणीतरी," ती म्हणाली. "पर मला भराभर न्हाई चालवायचं. गुडघं धरल्यात."

निनाद तिच्याजवळ गेला.

"भराभर नाही, आजी. तुम्ही चालाल तसेच सगळे चालू."

"मग लई येळ लागंल."

"लागू दे."

म्हातारी उठली म्हणून तिच्या सुना उठल्या. सुना उठल्या म्हणून मुलगे उठले. नवरदेव घोंगडीकडे बघून नाक मुरडत होता, नवरीनं त्याला कोपरानं ढोसलं. सगळे मागच्या खोलीत गेले. बाबा गेले. मी चुलीतली लाकडं बाहेर ओढून पाणी मारलं आणि मीही गेलो. आत अंधार होता, लोकरीचा वास होता. कोण कुणाला घोंगडी देतंय ते दिसत नव्हतं. एका हातानं माझ्या खांद्यावरची घोंगडी नीट केली. तो हात कुणाचा होता, मी पाहिलं नाही.

बाहेर आलो तेव्हा आम्ही एक काळा कळप होतो. म्हातारीची काठीसुद्धा कुणीतरी आठवणीनं घोंगडीच्या आत घ्यायला लावली होती, आणि चार-पाचजण मुद्दाम तिच्यासारखे लंगडत होते. मला एवढ्या संतापातही हसू आलं.

पायऱ्यांवर नारळवाला परत वर येताना भेटला. जीपमधले दोघे त्याच्याबरोबर होते. आम्हाला पाहून ते थांबले. नारळवाल्यानं पहिल्या घोंगडीकडे पाहिलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बाबांना ओळखून दमदाटी करावी, तर बाबा कोणते? एकानं पुढे होऊन एक घोंगडी खस्सकन ओढली. आत नवरदेव निघाला, मुंडावळ्यांसकट.

"काय पायजेल रं तुला?" नवरदेव भडकून म्हणाला. आणि त्याच्या मागून सगळ्या वऱ्हाडाचा असा गलका उठला, की त्या माणसानं हात सोडला. लग्नातल्या माणसाला हात लावला, हे गाव विसरत नसतं. तिघं कडेला सरले. आम्ही उतरत राहिलो, म्हातारीच्या चालीनं, एकेका पायरीवर दम खात.

मधल्या टप्प्यावर निनाद थांबला. त्याची घोंगडी सारखी घसरत होती, त्याला ती पांघरताच येत नव्हती. तो पुढे आला, मागे गेला, सगळ्यांकडे बघत राहिला. शेवटी दबक्या आवाजात म्हणाला,

"बाबा… यातली ती कोणती?"

आम्ही चालत राहिलो.

"आता कॅमेरा नको, काही नको. मला तिची माफी मागायचीय. खाली वाटा फुटल्या की राहून जाईल, बाबा. पुन्हा कधी भेटणार ती? एकदाच सांगा. कोणती?"

खालच्या वळणावर तिन्ही वाटा दिसायला लागल्या होत्या.

कुठल्या तरी एका घोंगडीतून बाबांचा आवाज आला.

"एकेकाची मागत चल."